झाड हिरवंगार आहे, मग फुलं का येत नाहीत?

फूल न येणाऱ्या झाडाबद्दल विचारणारी माणसं बहुतेक वेळा शेवटी एक वाक्य जोडतात: "पण झाड मस्त हिरवंगार आहे हो!" निदानाला तिथूनच सुरुवात करायला हवी. झाड सुकलेलं, किडकं, पिवळं असेल तर फुलं का नाहीत हे कुणी विचारत नाही. कोडं पडतं ते तजेलदार पानांचं आणि लांबच लांब फांद्यांचं. आणि अनेकदा ती लांबच लांब फांदी हेच आजाराचं लक्षण असतं.

नाशिककरांना हे समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या नात्यात, नाहीतर ओळखीत, कुणाची तरी द्राक्षबाग असते. बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी घेतो आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. ऑक्टोबरनंतर जो घड बाहेर पडतो, तो त्या वेळी तयार झालेला नसतो. एप्रिल छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यात (जिथून पुढे कोंब फुटतो तिथे) त्याची सूक्ष्म घडनिर्मिती होऊन गेलेली असते. त्या दिवसांत काडीवर भरपूर ऊन पडलं, वाढ आटोक्यात राहिली, तर घड पक्का. ढगाळ हवा राहिली, नत्र आणि पाणी सढळ मिळालं, तर वेल पळत सुटतो, डोळ्यात घड धरत नाही; जो धरतो तोही पुढे जिरतो आणि त्याची बाळी, म्हणजे नुसता तंतू, होते. म्हणून शेतकरी त्या काळात पाणी तोडतो, शेंडा मारतो, नत्र थांबवतो.

गच्चीवरच्या कुंडीतही असंच घडतं. फूल दिसतं तेव्हा त्याचा निर्णय आधीच होऊन गेलेला असतो. त्यामुळे कळ्या येण्याच्या दिवसांत धावपळ करून खत घालण्यात फारसा अर्थ नाही. पाहायचं ते हे, की निर्णयाच्या काळात झाडावर ऊन होतं का, आणि ज्या फांदीवर फूल यायचं ती आपणच कापून टाकली नाही ना. माझ्या मते घरच्या बागेतल्या न फुलणाऱ्या बहुवर्षायू झाडांपैकी बहुतेकांचं उत्तर या दोन प्रश्नांत सापडतं. खताचा नंबर बराच नंतर लागतो.

त्याआधी एक साधी गोष्ट: मोसम. कुंद थंडीत फुलतो, मोगरा फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, जाई पावसाळ्यात, पारिजातक श्रावणापासून दिवाळीच्या मागेपुढे. डिसेंबरात मोगरा गप्प बसला तर तो आजारी नाही. नाशिकला थंडीत रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली. त्या गारठ्यात मोगरा वाढ थांबवतो. नर्सरीतून आणताना कळ्यांनी लदलेलं झाड घरी आल्यावर वर्षभर फुललं नाही, तरी लगेच घाबरू नये. आपल्या नर्सऱ्यांतली कितीतरी रोपं आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणाहून येतात. तिथली दमट उबदार हवा आणि इथली कोरडी थंडी यांत फरक आहे. एक पूर्ण वर्ष त्याला इथलं चक्र पाहू द्या.

उजेड म्हणजे ऊन नव्हे

"आमच्याकडे भरपूर उजेड येतो" हे उत्तर ऐकलं की मी पुढचा प्रश्न विचारते: गॅलरीचं तोंड कुठे? कारण फ्लॅटमधल्या बागेत सगळं गणित तिथे अडतं.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, दुपारीसुद्धा डोक्यावर येत नाही. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो दुपारी थेट डोक्यावर असतो. मधल्या काळात किंचित उत्तरेकडे. आता हे गॅलरीला लावून पाहा.

दक्षिणेकडची गॅलरी हिवाळ्यात उन्हानं भरून जाते. म्हणून लोक तिथे मोगरा ठेवतात. पण एप्रिल-मे आला की सूर्य इतका वर चढतो की वरच्या मजल्याचा स्लॅब सावली धरतो, आणि मोगऱ्याच्या ऐन बहारात ऊन कठड्याच्या आत येतच नाही. बाहेर चाळीस अंश तापमान आहे, पायाला फरशी चटके देते, आणि झाड मात्र सावलीत उभं आहे! माणसाला उष्णता आणि ऊन एकच वाटतात, झाडाला नाही. उत्तरेच्या गॅलरीत तर दसऱ्याच्या सुमारापासून गुढीपाडव्याच्या सुमारापर्यंत थेट ऊन येत नाही. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी तिरपं येतं, आणि दुपारचं ऊन जेव्हा उत्तरेला झुकतं तेव्हा आभाळ ढगांनी भरलेलं असतं. अशा गॅलरीत मोगरा, गुलाब, बोगनवेल यांचा हट्ट सोडावा. तिथे ब्रह्मकमळ, पीस लिली अशी झाडं सुखानं राहतील.

मोगऱ्याला, जास्वंदीला पूर्वेची किंवा पश्चिमेची गॅलरी दक्षिणेपेक्षा बरी. गच्ची असेल तर प्रश्नच नाही. मोजायची पद्धत सोपी आहे. झाडाच्या मोसमातल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तासातासाने पाहा, पानांवर स्वच्छ सावली पाडणारं ऊन किती तास असतं. सहा तास असतील तर उत्तम, चार तासांवर फुलं येतील पण थोडी, त्याखाली फक्त पानं. आणि हो, एप्रिलमध्ये बांधलेली हिरवी शेडनेट पाऊस सुरू झाला की सोडायची असते. पुष्कळ गच्च्यांवर ती दिवाळीपर्यंत तशीच असते आणि खालची जास्वंद नेटपर्यंत उंच होऊन थांबते.

मोगरा

सर्वांत जास्त तक्रारी याच्याच, म्हणून सविस्तर लिहिते.

मोगऱ्याला फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं. नवी फूट नाही तर कळी नाही. जुन्या, लाकडी, गुंतलेल्या फांद्यांचं झुडूप कितीही हिरवं असलं तरी ते नुसतं उभं राहतं. म्हणून त्याला आधी विश्रांती आणि मग झटका द्यावा लागतो. मालेगाव-सटाण्याकडे डाळिंबवाले बहार धरताना ताण देतात, तीच रीत छोट्या प्रमाणात.

डिसेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत जा. जमिनीतल्या झाडाला दोन-तीन आठवडे पाणी पूर्ण तोडलं तरी चालतं. कुंडीतल्या झाडाला इतकं ताणू नका. वरची दोन-तीन बोटं माती पूर्ण सुकली, पानं जराशी मलूल दिसली, की अर्धा तांब्या द्या. पानं पिवळी पडून गळतील. गळू द्या. खत या काळात अजिबात नको.

संक्रांतीनंतर थंडीचा जोर उतरू लागतो. रथसप्तमीच्या आसपास धारदार कात्रीनं छाटणी करा. वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि आत वळलेल्या फांद्या मुळापासून काढा. उरलेल्या निम्म्यापर्यंत कापा. हात कचरतो, पण इथे भीड ठेवली की वर्षभर पस्तावा. राहिलेली पानंही हातानं काढून टाका. मग माती उकरून, वरची मुळं न तोडता, दोन-तीन दिवस तशीच उन्हात राहू द्या. त्यानंतर चांगलं कुजलेलं शेणखत, सोबत मूठभर बोनमील किंवा चमचाभर सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळा आणि कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. पुढे पाण्यात खंड नको. तीन-चार आठवड्यांत तांबूस-पोपटी फुटवे येतात आणि त्यांच्या टोकांना कळ्या.

पहिला बहार संपला की काम संपत नाही. फुलून गेलेली प्रत्येक फांदी टोकापासून पानांच्या दोन-तीन जोड्या सोडून खुडा. तिथून दोन फुटी येतील, दोन्हींवर कळ्या. पाऊस लागेपर्यंत असे दोन-तीन बहार सहज मिळतात. ज्यांच्या घरी रोज गजऱ्यापुरती फुलं निघतात ते निराळं खत घालत नाहीत. ते रोज कात्री घेऊन झाडापाशी उभे असतात.

कळ्या येतात पण उमलत नाहीत, जांभळट पडून वाळतात, अशी तक्रार असेल तर तो वेगळा आजार आहे. अशी एक कळी उघडून पाहा. आत बारीक अळी किंवा तिनं पोखरलेलं भोक दिसलं तर त्या सगळ्या कळ्या तोडून पिशवीत बांधून टाका. कुंडीत पाडू नका. मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून आठवड्याच्या अंतरानं दोन-तीनदा फवारा.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता. आपली काळी माती बेसाल्टपासून बनलेली, चुन्याचा अंश असलेली. तिच्यात बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं पडलं की लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. चिलेटेड फेरस लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन पानांवर फवारलं की पंधरा दिवसांत फरक दिसतो. पण मूळ दुरुस्ती मातीतच करावी लागेल: पालापाचोळ्याचं खत वाढवा, शक्य असेल तर पावसाचं पाणी साठवून वापरा. अनंताला तर हा त्रास सर्वांत जास्त, कारण त्याला आम्ल माती लागते. इगतपुरी-त्र्यंबककडची तांबडी माती निम्मी, पालापाचोळ्याचं खत निम्मं, अशा मिश्रणात त्याची कुंडी भरा. काळ्या मातीत अनंत कळी धरतो आणि टाकतो.

कात्री चुकीच्या महिन्यात चालली तर

पारिजातकाची फुलं त्या हंगामात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांकडे येतात. आता आठवा, सोसायटीत झाडं कधी कापली जातात? पावसाळ्याच्या तोंडावर किंवा ऐन पावसात, तारांना लागतात म्हणून. श्रावणात सडा पडायचा त्या फांद्याच तेव्हा ट्रॅक्टरमध्ये जातात. त्या झाडाला काही झालेलं नसतं. पारिजातक जानेवारी-फेब्रुवारीत कापा आणि जूननंतर त्याला हात लावू नका, एवढंच औषध. सोसायटीच्या बैठकीत हा मुद्दा ठामपणे मांडायला हवा.

गुलाबाची छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर. छाटणीपासून साधारण ४० ते ४५ दिवसांत फूल येतं. गुलाब फुलत नाही आणि एकीकडून काटेरी, फिकट, सरळसोट फांद्या उसळल्यात असं दिसलं तर आधी त्या कुठून निघाल्यात ते शोधा. कलमाच्या गाठीखालून असतील तर ती खुंटाची, म्हणजे ज्या रानगुलाबावर कलम बांधलंय त्याची, रानफूट आहे. वरून कापल्यास ती दुप्पट जोमानं येते. माती बाजूला करून उगमापासून ओढून काढा. काही ठिकाणी मूळ गुलाब केव्हाच मेलेला असतो आणि माणसं वर्षानुवर्षं खुंटालाच पाणी घालत असतात.

बोगनवेलीचे रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत, फुलाभोवतीची पानं, आणि ती रंगायला तिला कोरडेपणा लागतो. पावसाळ्यात ती नुसती पानांनी भरते, ते स्वाभाविक आहे. दिवाळीनंतर छाटा, जानेवारीपासून पानं मलूल झाल्याशिवाय पाणी देऊ नका. एवढं करूनही रंग धरत नसेल तर कुंडी हलवून पाहा. हलली नाही, तर मुळं भोकातून खाली जमिनीत उतरली आहेत आणि झाड तिथून हवं तेवढं पाणी पितंय. वरून दिलेला ताण तिच्यापर्यंत पोचणारच नाही. कुंडी सोडवून खाली विटा ठेवा. मधुमालतीलाही नव्या फुटीवरच घोस येतात. थंडी संपताना बिनधास्त निम्मी कापा.

शेवंती आणि रस्त्यावरचा दिवा

मोगऱ्यानंतर मला सर्वांत जिव्हाळ्याचं झाड हे. नर्सरीतून ऐन बहारात आणतात, फुलं गेली की बहुतेक लोक फेकून देतात. तसं करू नये. फुलं संपल्यावर झाड जमिनीलगत कापलं की बुडातून काश्या, म्हणजे मुळाशी येणारे नवे फुटवे, फुटतात. उन्हाळाभर त्या अर्ध्या सावलीत जगवायच्या आणि पावसाच्या सुरुवातीला एकेक सुटी करून लावायची. शेंडे खुडत राहायचं म्हणजे झाड झुडूपदार होतं, पण गणपती बसले की खुडणं बंद. त्यानंतर खुडाल तर कळ्याच खुडाल.

इतकं सगळं नीट करूनही शेवंती डिसेंबरात नुसती हिरवी राहिली तर रात्री दहा वाजता गॅलरीत जाऊन उभे राहा. रस्त्याचा पांढरा एलईडी दिवा झाडावर पडतोय का? गॅलरीतला बल्ब रात्रभर चालू असतो का? शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब, अखंड अंधारी रात्र लागते. आपल्याकडचा मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि लहानात लहान अकरा तासांच्या जवळपास. सप्टेंबरनंतर रात्री लांबत जातात तेव्हा ती कळ्या धरते. मध्येच प्रकाश पडला तर तिच्या लेखी रात्र लहानच राहते. व्यापारी शेतीत फुलं लांबवायची असतील तर पॉलिहाऊसमध्ये मुद्दाम रात्री दिवे लावतात. आपण तेच नकळत करत असतो. सप्टेंबर ते कळी दिसेपर्यंत कुंडी अंधाऱ्या कोपऱ्याच्या बाजूला सरकवा किंवा संध्याकाळी सहा-सातला वर खोका पालथा घालून सकाळी काढा. नाताळात विकली जाणारी लाल पॉइन्सेटिया दुसऱ्या वर्षी लाल होत नाही, त्याचंही कारण हेच.

कंद आणि ब्रह्मकमळ

गुलछडीचे दांडे यायचे थांबले की समजावं, खाली गर्दी झाली. तीन वर्षांनी गड्डा उपटा, पानं सुकवून कंद महिनाभर सावलीत ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये फक्त सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे कंद लावा. बारीक कंद वर्षभर नुसती पानं देतात.

मे फ्लॉवरचं उलट आहे. त्याला कुंडीत दाटीवाटी आवडते आणि सतत उकरलेलं आवडत नाही. त्याचा बहार बिघडतो तो हिवाळ्यातल्या पाण्यामुळे. दिवाळीनंतर पानं पिवळी पडली की कुंडी कोरडी ठेवून बाजूला सरकवा आणि एप्रिल संपेपर्यंत विसरा. शेजारच्या झाडांबरोबर तिच्यावरही रोज नळी फिरली तर कंद झोपतच नाही, आणि मेमध्ये लाल गोंडा येत नाही.

घरोघरचं ब्रह्मकमळ हे निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडच्या जंगलांतलं, झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. त्याला कसदार काळी माती आणि मोठी कुंडी दिली की ते लांबलचक दांडे काढत राहतं. लहान कुंडी, विटांचे तुकडे, नारळाचा काथ्या, थोडं शेणखत. सकाळचं कोवळं ऊन. हिवाळ्यात पाणी अगदी कमी. फुलं जुन्या, रुंद, चपट्या फांद्यांच्या खाचांतून येतात, म्हणून "जुनं झालं" म्हणून ती कापू नका. नवीन लावतानाही अशाच पक्व फांदीचा तुकडा लावा. तरीही दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

आता खत

इतकं तपासूनही अडलं असेल तरच इकडे या. युरिया, शेणाची स्लरी, मोहरीच्या पेंडीचं पाणी, स्वयंपाकघरातलं कंपोस्ट, या सगळ्यांत नत्राचा वाटा चांगलाच असतो. आठवड्याला एकदा यांपैकी काहीतरी चालू असेल तर दोन महिने पूर्ण बंद करा. मग नवी फूट बोटभर झाली की ०:५२:३४ (नत्र नसलेलं, फॉस्फरस आणि पालाश देणारं विद्राव्य खत) लिटरला दोन ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी, असं दोनतीनदा. द्राक्षवाल्यांमुळे हे नाशिकच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. फक्त लहान पाकीट मागा. जास्त देण्याचा मोह टाळा, कारण फॉस्फरस साठला की लोह आणखी अडतं, आणि पिवळ्या पानांची वर सांगितलेली गोष्ट पुन्हा सुरू होते. सावलीतल्या झाडाला तर हे देऊच नका, तिथे त्याचा काही उपयोग नाही.

जास्वंदीच्या कळ्या येऊन गळत असतील तर खताशी संबंध नाही. एक दिवस कोरडी, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं पाणी बंद करा, शेंड्यांवर पिठ्या ढेकूण आणि त्यांच्यामागे फिरणाऱ्या मुंग्या पाहा, आणि गळलेल्या कळ्या रोज वेचा. त्यांच्यात किडीची पुढची पिढी असते.

राहिला सोनचाफा. खोडाच्या बुडाशी, वीतभर उंचीच्या आत, कलमाची गाठ दिसते का पाहा. दिसली तर वर्ष-दोन वर्षांत फूल यायला हवं, आलं नाही तर ऊन आणि पाण्याचा निचरा तपासा. काळ्या चिकट मातीत त्याची मुळं गुदमरतात. गाठ नसेल तर झाड बियांचं आहे. त्याला फुलायला सात-आठ वर्षं लागू शकतात, आणि कुंडीत त्याहूनही जास्त. अशा झाडाला कुंडीत अडकवून ठेवू नका. जूनच्या पहिल्या पावसानंतर कुणाच्या तरी अंगणात किंवा शेताच्या बांधावर, पाणी न तुंबणाऱ्या जागी लावा, आणि कुंडीसाठी कलमी रोप आणा.